घरून स्वतःचं काम : मालकाची कामं कोण करणार?

नोकरी सोडून घरून स्वतःचं काम सुरू करणारे बहुतेक जण आपल्या कामात तयार असतात. भाषांतर, डिझाइन, कोडिंग, हिशेब, संपादन, शिकवणी, जे काही असेल त्यात त्यांचा हात बसलेला असतो. त्यामुळे वाटतं, काम येतंय ना, मग झालं. पण नोकरीत आपल्यामागे आणखी चार-पाच माणसं राबत असतात. कोणी कामाचा भाव ठरवतं, कोणी करार वाचतं, कोणी बिलं पाठवून पैसे वसूल करतं, कोणी पुढचं काम आणतं. घरी ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात आणि त्यांचे वेगळे पैसे कोणी देत नाही. मी त्यांना मालकाची कामं म्हणते. कामात हुशार असलेली किती तरी माणसं दोन वर्षांत पुन्हा नोकरी शोधताना दिसतात. त्यांच्याशी बोललं की कळतं, ती दिवसभर कामगार म्हणून राबत होती आणि मालकाच्या कामांना वेळच उरत नव्हता.

हा लेख त्या कामांबद्दल आहे. ज्या क्रमाने ती पुढ्यात येतात, त्याच क्रमाने घेऊ.

राजीनामा देण्याआधी

किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. सहाच का, ते कॅलेंडरवर मोजून पाहा. पहिला बरा क्लायंट मिळायला महिना-दीड महिना जातो. काम पूर्ण व्हायला आणखी एक. बिलाची मुदत ३० दिवसांची. त्यातून पहिलंच बिल रखडलं तर वरचे दोन-तीन आठवडे. म्हणजे फारसं काही न बिघडताही हातात पहिली भरीव रक्कम यायला चार महिने सहज लागतात, आणि एखादं काम मध्येच रद्द झालं तर उरलेले दोनही संपतात. जवळ पैसे नसले की माणूस पडेल त्या भावात, पडेल ते काम घेतो. मग त्या भावातून वर यायला वर्ष जातं.

घरखर्च अंदाजाने धरू नका. मागच्या १२ महिन्यांचं बँकेचं विवरण काढा आणि बेरीज करून १२ ने भागा. एकाच महिन्याचा खर्च पाहिला तर विम्याचा हप्ता, मुलांची फी, दुरुस्त्या असे वर्षातून एकदाच येणारे खर्च सुटतात, आणि नेमके तेच अंगावर येतात.

नोकरी हातात असतानाच आणखी तीन गोष्टी उरका. नोकरीचा करार वाचा. बाहेरचं काम करायला किंवा कंपनीचे क्लायंट सोबत न्यायला मनाई असू शकते. कर्ज काढायचं असेल किंवा भाड्याचं घर बदलायचं असेल तर ते आत्ताच करा, कारण पगाराची पावती नसलेल्या माणसाकडे बँका बहुधा काही वर्षांचा उत्पन्नाचा दाखला मागतात. आणि कंपनीचा आरोग्य विमा बंद होणार असेल तर नवा त्याआधी सुरू झालेला असू द्या.

कराराने परवानगी असेल तर एक काम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी करून पाहा. अट एवढीच, की क्लायंट अनोळखी हवा आणि भाव पूर्ण हवा. मित्राचं काम फुकटात केलं तर फक्त कामाची परीक्षा होते. भाव सांगणं, बिल धाडणं, पैशांसाठी तगादा लावणं, यांचा सराव अनोळखी माणसाबरोबरच होतो.

भाव काढणं

बहुतेकांचा घोळ इथे होतो. पगाराला महिन्याच्या तासांनी भागलं, आलेला आकडा थोडा वाढवला आणि तोच तासाचा भाव ठरवला, असा हिशेब केला जातो. तो का चुकतो ते पाहा.

पूर्णवेळ नोकरीत आठवड्याचे ४० तास धरले तर ५२ आठवड्यांचे २,०८० तास होतात. त्यात सुट्ट्या, रजा, आजारपण, मीटिंगमधल्या गप्पा या सगळ्याचा पगार मिळतो. आता घरचा हिशेब करा. वर्षाचे कामाचे दिवस २६०. सुट्ट्या, रजा आणि आजारपण मिळून ३५ वजा केले की उरले २२५. दिवसाच्या आठ तासांपैकी क्लायंटच्या बिलात लागतील असे तास पाच. उरलेले तीन ईमेल, कोटेशन, बिलं, नव्या लोकांशी बोलणं, काहीतरी शिकणं आणि बिघडलेला कॉम्प्युटर यात जातात. २२५ गुणिले ५ म्हणजे १,१२५ तास. पूर्वी जे उत्पन्न २,०८० तासांवर वाटलं जायचं, ते आता १,१२५ तासांत कमवायचं आहे. तासाचा भाव इथेच जवळजवळ १.८५ पट झाला. शिवाय जागा, वीज, उपकरणं, सॉफ्टवेअर, विमा आणि म्हातारपणासाठी कंपनी टाकायची तो वाटा, यांचे ३० टक्के धरा. एकूण साधारण २.४ पट. म्हणजे पगारावरून निघणाऱ्या तासाच्या भावाच्या जवळजवळ अडीचपट घेतले, तर तुम्ही नोकरीत होता तिथेच राहता, वर काही नाही.

हा आकडा सांगताना सुरुवातीला जीभ अडखळते. सांगून गप्प राहायची सवय लावा. आकड्यामागोमाग 'पण कमी-जास्त करता येईल' हे वाक्य बहुतेकांच्या तोंडून आपोआप निघतं आणि त्यानेच भाव पडतो. समोरच्याचं बजेट खरंच कमी असेल तर भाव तोच ठेवून काम कमी करा: पाच पानांऐवजी तीन, दोन पर्यायांऐवजी एक, आठवड्याऐवजी तीन आठवड्यांची मुदत. काम तेवढंच ठेवून भाव उतरवला, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असाच निष्कर्ष समोरचा काढतो आणि पुढच्या वेळी तिथूनच बोलणी सुरू होतात.

तासावर भाव लावायचा की पूर्ण कामावर? काम नीट आखलेलं असेल तर पूर्ण कामावर लावा, म्हणजे तुमचा वेग वाढला की फायदा तुमचा होतो. काम कुठवर जाईल हे क्लायंटलाच ठाऊक नसेल तर तासावर. मात्र पूर्ण कामाचा भाव सांगायचा तर लागणाऱ्या वेळेचा अंदाज बरोबर हवा, आणि माणूस त्यात कच्चा असतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या दोषाची मांडणी केली. पुढे १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. सगळं बिघडलं तर किती लागतील, या प्रश्नाचं सरासरी उत्तरही प्रत्यक्षापेक्षा कमीच होतं. म्हणून प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवा, साध्या वहीत लिहिले तरी चालतील. तुमची स्वतःची नोंद तयार होईपर्यंत मनात आलेल्या आकड्याची दीडपट करून मगच तो सांगा.

लेखी ठरवणं

मोठ्या कामाला वकिलाने पाहिलेला करार हवाच. रोजच्या छोट्या कामांना एक नेमका ईमेल आणि त्यावर समोरच्याचा होकार बऱ्यापैकी आधार देतो. मी जो पाठवते तो साधारण असा असतो:

'आपल्या बोलण्यानुसार काम असं ठरलं: १२ पानांच्या माहितीपुस्तिकेचं संपादन. मजकूर तुमच्याकडून ५ तारखेपर्यंत मिळेल, पहिला मसुदा मी १५ तारखेला देईन. मजकूर उशिरा आला तर माझी मुदतही तेवढीच पुढे जाईल. मसुद्यावर बदलांच्या दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीतल्या सूचना एकत्र आणि एकाच व्यक्तीकडून याव्यात. निम्मी रक्कम सुरुवातीला, उरलेली अंतिम प्रत देताना. काम मध्येच थांबलं तर तोवर झालेल्या कामाचे पैसे देय राहतील. वापराचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर तुमच्याकडे येतील. आपला होकार आला की सुरू करते.'

यातलं प्रत्येक वाक्य एकेक भांडण टाळण्यासाठी आहे. 'एकाच व्यक्तीकडून' हे शब्द नसतील तर सोमवारी मॅनेजर सांगतो शीर्षक मोठं करा, बुधवारी त्याचा साहेब सांगतो लहान करा, आणि दोन्ही वेळा राबता तुम्ही. फेऱ्यांचा आकडा नसेल तर काम संपत नाही. मजकुराची तारीख नसेल तर त्यांचा दहा दिवसांचा उशीर तुमच्या दोन रात्रींतून भरून निघतो.

निम्मी रक्कम आधी मागताना संकोच वाटतो खरा. पण ती द्यायला टाळाटाळ करणारा क्लायंट उरलेली देतानाही तेच करणार. हे काम सुरू होण्याआधी कळलेलं बरं.

'जाता जाता तेवढं एवढंही करून द्या ना' हे वाक्य येणारच. रागावून नकार देऊ नका, गप्प बसून करूनही टाकू नका. 'हो, करता येईल. ठरलेल्या कामापेक्षा हे वेगळं आहे. याला साधारण चार तास लागतील, त्याचे पैसे एवढे होतील. सुरू करू का?' एवढं उत्तर पुरतं. निम्म्या वेळा समोरचा 'राहू दे मग' म्हणतो, यावरून त्याला त्याची किती गरज होती ते समजतं.

बिल आणि वसुली

काम दिलं त्याच दिवशी बिल धाडा. बिलाला क्रमांक हवा, तारीख हवी, कामाचा तपशील हवा, खात्याची माहिती हवी, आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे ती नेमकी तारीख हवी. '३० दिवसांत' असं लिहिलं की कोणत्या दिवसापासून मोजायचे यावर वाद होतो.

मोठ्या संस्थेचं काम असेल तर सुरुवातीलाच विचारा, की बिल कोणाकडे पाठवायचं, त्यावर ऑर्डरचा क्रमांक लागतो का आणि महिन्यातून पैसे कोणत्या तारखांना सुटतात. बिल अडकतं ते पुष्कळदा कोणाच्या वाईट हेतूने नाही. ज्याने काम दिलं त्याच्या इनबॉक्समध्ये ते पडून राहतं आणि अकाउंट्सला त्याचा पत्ताच नसतो.

तगाद्याचा क्रम आधीच ठरवून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी 'आता विचारू का, बरं दिसेल का' ही घालमेल होत नाही. मुदतीच्या तीन दिवस आधी एक ओळ: 'बिल मिळालं ना, त्यात काही अडचण नाही ना?' मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी बिल पुन्हा जोडून आठवण. आठवड्याने फोन, थेट अकाउंट्सला. आणखी आठवड्याने लेखी कळवायचं, की पैसे जमा होईपर्यंत पुढचं काम थांबवलं आहे. सूर शेवटपर्यंत सभ्य ठेवा, पण थांबवतो म्हटल्यावर खरोखर थांबवा. आपण आपल्याच घामाचे पैसे मागत असतो, त्यात ओशाळं व्हायचं कारण नाही. हे मी मनापासून सांगते, कारण फार गुणी माणसं याच ओशाळेपणापायी थकबाकीत गेलेली पाहिली आहेत.

दोन मर्यादा घालून घ्या. कोणत्याही एका क्लायंटकडची थकबाकी तुमच्या एका महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. आणि कोणत्याही एकाकडून वर्षाच्या निम्म्याहून अधिक उत्पन्न येत असेल तर दुसरा शोधायला लगेच लागायचं. तो एक गेला तर नोकरी गेल्यासारखीच गत होते.

आलेले पैसे

कामाचं बँक खातं वेगळं काढा. येणारा प्रत्येक पैसा आधी तिथे येऊ द्या. आला त्याच दिवशी कराचा वाटा तिसऱ्या खात्यात सरकवा. तो किती टक्के हे देशागणिक आणि उत्पन्नागणिक बदलतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी करसल्लागाराला विचारा; त्याची फी वाया जात नाही. मग महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम 'पगार' म्हणून घरखात्यात घ्या. भरभराटीच्या महिन्यातही तेवढीच घ्या. वर उरलेले पैसे कोरड्या महिन्यांसाठी असतात, आणि कोरडे महिने येतातच.

घर आणि घरची माणसं

खुर्ची-टेबलाचं थोडक्यात सांगते. पाय जमिनीवर टेकलेले, कोपर साधारण काटकोनात, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर हातभर. नुसत्या लॅपटॉपवर हे जमत नाही. पडदा वर घेतला तर हात वर जातात, कीबोर्ड नीट ठेवला तर मान वाकते. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस ही पहिली खरेदी. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे होतात. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे किंवा समोर नको. कामाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर. आणि इंटरनेट गेलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं का, हे मुदतीच्या दिवसाआधी तपासलेलं असावं.

खरी कसोटी माणसांची. 'तू घरीच आहेस ना, मग जरा...' या वाक्याने घरून काम करणाऱ्याचे जितके तास जातात तितके दुसऱ्या कशानेच जात नसतील. कुरिअर घे, गॅसवर लक्ष ठेव, आत्याला दवाखान्यात सोडून ये. मागणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. समोर बसलेलं माणूस कामावर आहे, हे डोळ्यांना दिसत नाही एवढंच. म्हणून ते दिसेल असं करा. सर्वांना घेऊन एकदा बसा आणि सांगा: 'सकाळी दहा ते एक आणि दोन ते पाच मी ऑफिसात आहे असं समजा. ऑफिसात असते तर ज्यासाठी फोन केला असतात, त्यासाठी जरूर हाक मारा. बाकीचं एक वाजता बोलू.' दार असेल तर ते बंद म्हणजे काम चालू, अशी खूण ठरवा. दार नसेल तर कानावरचे हेडफोन ही खूण. आणि एक वाजता खरंच उठा, त्यांचं ऐका. आपण आपला शब्द पाळला तरच घरचे त्यांचा पाळतात.

लहान मूल घरात असेल तर एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मूल सांभाळणं हे स्वतंत्र पूर्णवेळ काम आहे. मांडीवर मूल आणि समोर लॅपटॉप, असं घंटाभर निभतं, रोज निभत नाही. त्या तासांत मुलाकडे कोण पाहणार हे जोडीदाराशी, घरच्यांशी किंवा पाळणाघराशी ठरवा आणि तो खर्च भाव काढताना धरा. बायकांवर हा भार न बोलता टाकला जातो, म्हणून त्यांनी तर हे बोलणं पुढे ढकलूच नये.

दिवस लावणं

आपलं डोकं कधी चालतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ते दोन-तीन तास सर्वांत अवघड कामाला द्या आणि त्या वेळात मेसेज पाहू नका. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट कामावरून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा एक भाग आधीच्याच कामात घुटमळत राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. दर दहा मिनिटांनी फोन पाहणाऱ्याचं दिवसभर हेच चालू असतं. क्लायंटला सुरुवातीलाच सांगा, की मी ईमेल अकरा आणि चार वाजता पाहते, तातडीचं असेल तर फोन करा. फार थोडे करतात.

थांबायची वेळही ठरवा. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलं होतं, की काम हाताशी असलेल्या वेळेइतकं पसरतं. घरी तर ऑफिस बंद करायला कोणी येत नाही, त्यामुळे ते मध्यरात्रीपर्यंत पसरतं. उठण्याआधी उद्याचं पहिलं काम कागदावर लिहा, लॅपटॉप मिटा, आणि जमल्यास पंधरा मिनिटं बाहेर चालून या.

मालकाचा अर्धा दिवस

आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस क्लायंटच्या कामाला हात लावायचा नाही. कितीही गर्दी असली तरी. त्या वेळात कोणाकडून किती येणं आहे ते पाहायचं, पुढच्या आठ आठवड्यांत किती काम पक्कं आहे ते मोजायचं, आणि मग पाच जणांशी संपर्क करायचा. त्यात जुने क्लायंट आधी, कारण त्यांना तुमचं काम माहीत असतं. 'मागच्या वेळची पुस्तिका कशी चालली? पुढच्या महिन्यात माझ्याकडे थोडी जागा आहे' असे दोन वाक्यांचे मेसेज पुरतात.

हातात भरपूर काम असताना हे करणं सर्वांत जड जातं आणि तेव्हाच ते सर्वांत गरजेचं असतं. आज केलेल्या बोलण्याचं काम बहुधा दोन-तीन महिन्यांनी येतं. गर्दीत शोध थांबवला, की गर्दी ओसरल्यावर दोन-तीन महिने रिकामे जातात, मग घाबरून स्वस्तातलं काम घेतलं जातं, त्याची गर्दी होते आणि शोध पुन्हा थांबतो.

याच वेळात वर्षातून एकदा भाव वाढवा. नव्या क्लायंटना लगेच वाढीव भाव सांगा, जुन्यांना दोन महिने आधी लेखी कळवा.

आजारपण आणि एकटेपणा

ताप आला तर मुदत कोण पाळणार? तुमच्याच क्षेत्रातला, तुमच्याच तोडीचा एक जण आत्ताच गाठून ठेवा आणि एकमेकांची अडलेली कामं करायचं ठरवा. पैसे कसे वाटायचे आणि क्लायंट कोणाचा राहील, हेही लिहून ठेवा. पुढे याच माणसाशी भावाबद्दल, विचित्र मागण्यांबद्दल, नाकारलेल्या कामाबद्दल मोकळेपणी बोलता येतं. घरच्यांना आपली काळजी असते, पण तिसरी फेरी का छळते हे त्यांना समजावून सांगता सांगता आपणच थकतो. आठवड्यातून एकदा अशा कोणाबरोबर प्रत्यक्ष बसा, तेही जमल्यास घराबाहेर.

वर्ष संपलं की तासांची वही काढा. वर्षभरात हाती आलेल्या पैशांतून खर्च वजा करा आणि उरलेल्याला सगळ्या तासांनी भागा, बिलात न लागलेले तासही धरून. तो आकडा जुन्या पगाराच्या तासाशेजारी लिहा. कमी आला तर कुठे गळती आहे ते क्लायंटनुसार पाहा. एखाददुसऱ्याचंच काम सगळा वेळ खात असल्याचं सहसा दिसतं. त्यांना नवा भाव कळवा किंवा नम्रपणे निरोप द्या. दुसऱ्या वर्षीही आकडा तसाच राहिला आणि जीव रमत नसेल, तर नोकरीचे अर्ज भरायला संकोच करू नका.